उजवीकडे तीन, खाली किती

११ जानेवारी

चिंधे,

हे नाव वाचून पत्र फाडणार असशील तर आधी शेवटची ओळ वाच, मग फाड. आईची खुशाली शेवटी लिहिली आहे.

तुझा परदेशातला पत्ता मी तुझ्या जुन्या पार्सलवरून उतरवला आहे. पोस्टातल्या बाईंकडून एकदा तपासून घेईन. त्या मला ओळखतात, त्यांची दोन ब्लाऊजं मी शिवली होती, अजून तक्रार नाही.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू नुसतं "हॅलो" म्हणतेस आणि मला आधीच बोलणी बसल्यासारखं वाटतं, मग मीच आवाज चढवतो. गेली दोन वर्षं मी फोन उचलला की तुझं "आईला द्या" एवढंच असतं. मी देतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण आता आईला फोन धरता येत नाही. हात चांगले आहेत, हातांचं काही नाही. कानाशी आवाज आला की ती मागे वळून बघते, कोण आलं म्हणून. मागच्या खेपेला तिने फोन उशीखाली ठेवून दिला. तू बराच वेळ हाका मारत होतीस हे मला नंतर समजलं, उशीतून बारीक आवाज येत होता तेव्हा. मी उचलेपर्यंत तू ठेवलास. त्यानंतर तुझा फोन नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही केला नसता, पण मी तुझ्या जागी नाही.

तू दिलेलं त्या वृद्धांच्या संस्थेचं पत्रक कपाटात आहे, फेकलेलं नाही. तिथे नर्स असतात, बाग असते, सगळं मान्य. पण मी असेपर्यंत तिला या घरातून हलवणार नाही, हे आत्ताच लिहून टाकतो. म्हणजे पुढच्या पत्रांत तो विषय नको. "बाबा, तुम्ही तिला नाही, स्वतःला सांभाळताय," असं तू जाताना दारात म्हणाली होतीस. ते मी विसरलेलो नाही. विसरायचं काम या घरात एकाच माणसाकडे आहे.

पुढची खोली भाड्याने दिली. गणिताच्या क्लासच्या बाई आहेत, दुपारी आणि संध्याकाळी मुलं येतात. माझं कापायचं टेबल त्यांनी वह्या ठेवायला घेतलं. त्या टेबलाखाली बसून तू चिंध्या गोळा करायचीस. आता तिथे मुलांच्या चपला असतात. मशीन विकलेलं नाही, चादर घालून ठेवलं आहे.

आई बरी आहे. फक्त उशिरा उठते.

बाबा


२५ जानेवारी

चिंधे,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो. पेटीत टाकल्यावर वाटलं, तिकीट नीट चिकटवलं होतं ना? पेटीत हात घालून बघितलं, जात नाही. एक माणूस माझ्याकडे बघत उभा राहिला तेव्हा निघालो.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती सरळ सांगता येणार नाही. मला आधी जशी समजली तशीच सांगतो.

आतल्या खोलीचं दार पातळ आहे, बाईंचं शिकवणं सगळं ऐकू येतं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण कान शाबूत आहेत. परवा दार थोडं उघडं होतं. बाईंनी फळ्यावर एक टेकडी काढली. चढ, माथा, उतार. म्हणाल्या, हा एका फलनाचा आलेख. फलन म्हणजे काय ते मला अजून धड कळलेलं नाही. एक आकडा आत टाकायचा, एक बाहेर येतो, असं काहीतरी. मग त्यांनी तीच टेकडी शेजारी काढली, तेवढीच उंच, तेवढीच रुंद, फक्त उजवीकडे. मग तीच अजून एकदा, जरा खाली. म्हणाल्या, "आकार तोच. जागा बदलली. आडवं सरकवलं किंवा उभं सरकवलं, बाकी काही केलं नाही."

मी दारातूनच म्हणालो, "गळ्याचा खाका."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कसा हो काका?"

मी सांगितलं. गळ्याचा कागद एकदा कापला की तो पुन्हा कापायचा नसतो. खोल गळा पाहिजे, कागद खाली सरकवा. कच्चे शिंपी गळा खोल करायला जातात आणि गोलाईच बिघडवून ठेवतात, मग बाई आरशासमोर उभी राहून म्हणते, काहीतरी चुकलंय पण काय ते कळत नाही. बाईंनी ते मुलांना लिहून घ्यायला लावलं. एक आगाऊ पोरगी आहे, ती म्हणाली, "काका, उद्यापासून फी भरा."

हे तुला का सांगतोय? तर आईचं तेच झालं आहे.

मी तिला रोज नऊला उठवायला जायचो. आयुष्यभर नऊपर्यंत तिचं अर्धं घर उरकलेलं असायचं, तेव्हाच ती सगळ्यात ताजी असायची, गाणं गुणगुणायची, आपल्या दोघांना कामाला लावायची. आता नऊला हलवलं की ती घाबरते. माझ्या मनगटावर काळंनिळं झालं होतं, आता पिवळं पडलंय, काळजीचं नाही, कपाटाचा कोपरा लागला. तर ते टेकडीचं ऐकल्यावर मी खाकी कागद पसरला, खडू घेतला आणि आईचा दिवस काढला. आडव्या रेघेवर वेळ. उभी उंची म्हणजे ती किती आपल्यात आहे. आणि खरं सांगतो, टेकडी तीच निघाली. तसंच हळूहळू वर येणं, तसंच गुणगुणणं, तोच हुकूम, "तो टॉवेल नीट वाळत घाला." फक्त नऊचं बाराला होतं. तिचा दिवस तीन तास उजवीकडे सरकला आहे. आणि दुपार कलली की उतार लागतो, तू पूर्वी संध्याकाळी फोन करायचीस तेव्हा ती खाली पोचलेली असते. म्हणून तुझं तिचं बोलणं तुटलं. ती हरवली नव्हती, तू रिकाम्या जागी हाक मारत होतीस.

त्या दिवसापासून मी तिला ओढायचं सोडलं. मीच सरकलो. आमचा सकाळचा चहा बाराच्या आधी होतो. लोक हसतील तर हसोत.

आता मुख्य गोष्ट. बाराला ती तुझं नाव घेते. काल म्हणाली, "चिंधीचा फोन नाही आला कधीचा?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी पाठ फिरवली. तिला रडलेलं आवडत नाही, हे तिला अजून आठवतं. तेव्हा तू त्या वेळी फोन कर. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून तिच्यासमोर ठेवीन, कानाला लावायची भानगड नको.

तिकडची वेळ पूर्वी आईच बोटांवर मोजायची. तुला त्रास नको म्हणून या खेपेला मीच काढली. तुझं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे उणे साडेतीन. आणि बाई म्हणाल्या, उणे आलं की आलेख उजवीकडे जातो, मुलांची नेमकी तिथेच चूक होते. तेव्हा बाराच्या उजवीकडे साडेतीन. तुझ्या घड्याळात दुपारचे साडेतीन. रविवारी कर. मी रोजच वाट बघतो, पण रविवारी कर.

वेळ पुन्हा लिहितो, साडेतीन. दुपारचे.

बाबा


१९ फेब्रुवारी

चिंधे,

रविवारी जे तू ऐकलंस ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच तू समजतेस तसं नव्हतं.

बाराला आईला खुर्चीत बसवलं होतं. केस विंचरले होते, तिला आवडतो तो निळा गाऊन घातला होता. समोर स्टुलावर फोन. ती म्हणाली, "कोण येणार आहे?" मी म्हणालो, "येणार नाही, बोलणार आहे." साडेबारा झाले, एक झाला. ती म्हणाली, "तुम्ही आत-बाहेर का करताय, पोटात दुखतंय का?" दोन वाजता मी फोन खिशात टाकला. मनात म्हटलं, पत्र पोचलं नसेल. खोटं कशाला सांगू, मनात आणखीही वाईट म्हटलं तुझ्याबद्दल.

आणि संध्याकाळी सातला फोन वाजला.

सातची वेळ म्हणजे काय ते तुला माहीत नाही, कारण मी कळवलेलं नाही. दिवे लागले की तिला खिडकीच्या काचेत माणसं दिसतात. तिची आणि माझीच असतात ती, पण तिला पटत नाही. म्हणून मी पडदे ओढतो. पडदे ओढले की तिला वाटतं, कोणीतरी कोंडलं. त्या वेळी मी तिचा कोणी नसतो. घरात शिरलेला एक म्हातारा असतो. त्यात फोन वाजला, मला तुझं नाव दिसलं आणि मी घाईत मोठ्या आवाजावर टाकला. तू "आई" म्हणालीस. ती किंचाळली. "दार उघडा, माझी मुलगी बाहेर आहे, हा माणूस तिला आत येऊ देत नाही." ते तू ऐकलंस. मी "गप्प बस, गप्प बस" म्हणत होतो तेही ऐकलंस. मी तिचे हात धरले होते, मारत नव्हतो. हात नाही धरले तर ती ते दारावर आपटते. मनगटाचं सांगितलं होतं ना, कपाटाचा कोपरा म्हणून. तो कोपरा नव्हता.

दाराला आतून वरची कडी असते. ती मागे एकदा रस्त्यावर गेली होती. तेही मी तुला कळवलं नव्हतं.

तू फोन ठेवलास ते बरोबर केलंस. पण रविवारी संध्याकाळी सातला का केलास, ते मला कळेना. मी साडेतीन लिहिले होते.

बाबा


२ मार्च

चिंधे,

तुझं कार्ड मिळालं. तीनच वाक्यं आहेत, पाठ झाली. "तुम्ही मुद्दाम ती वेळ दिलीत. एक तर आईची दशा मला ऐकवायची होती, नाहीतर मी पुन्हा फोन करू नये असं वाटत होतं. काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

कार्ड घेऊन मी तसाच पुढच्या खोलीत गेलो. क्लास चालू होता. इतर वेळी मी असा जात नाही.

म्हणालो, "बाई, उणे म्हणजे उजवीकडे ना?"

"कुठलं उणे, काका? फलनाच्या कंसाच्या आतलं की बाहेरचं?"

"मला आत-बाहेर काही माहीत नाही. घड्याळाचं उणे."

त्यांनी खडू खाली ठेवला. मी तुझी गोष्ट न सांगता एवढंच सांगितलं, आपल्याकडे बारा, दुसऱ्या गावी घड्याळ साडेतीन तास मागे, तर तिथे किती? ती आगाऊ पोरगी पटकन म्हणाली, "साडेआठ! सकाळचे साडेआठ. यात काय आहे काका?"

मी म्हणालो, "पण उणे आलं की उजवीकडे..."

"ते कंसात हो! माझेही दोन मार्क गेले होते यातच. तुमचं काय गेलं?"

बाईंनी तिला गप्प केलं आणि मला खुर्ची दिली. मग फळ्यावर हळू हळू सांगितलं, मुलांना सांगतात त्याहून हळू. म्हणाल्या, "काका, एखाद्याचा दिवस तीन तास उशिरा सुरू होतो, असं समजा. आता बाराला तो माणूस काय करत असेल हे तुम्हाला शोधायचंय. कसं शोधाल? त्याच्या जुन्या दिवसात जाऊन बघाल. बारातून तीन वजा करा, नऊ. जुन्या दिवसात नऊला जे करायचा तेच आता बाराला करतो. म्हणजे टेकडी उजवीकडे गेली, पण तिला शोधायला आपण मागे जातो. म्हणून कंसाच्या आत उणे. ते आपलं उणे आहे, टेकडीचं नाही."

मी म्हणालो, "आणि घड्याळाचं?"

"घड्याळाच्या गोष्टीत टेकडी कुठे आहे? मागे आहे म्हणजे कमी. झालं."

एवढंच होतं. मी आतलं उणे ऐकलं होतं, तेही दारातून, आणि ते जिथे तिथे लावत सुटलो. एक कागद सापडला की सगळ्या कापडांवर तोच ठेवायचा, ही माझी जुनी खोड आहे, तुझी आई म्हणायची. पत्रात बाराही होते, पण तू घाईत शेवटी लिहिलेले साडेतीनच धरलेस आणि तुला वाटलं मी मुद्दाम केलं. तेवढी अक्कल असती तर सातवीत शाळा सोडली असती का? चिंधे, मी तुला आईपासून तोडायला बघत नाही. तुला घाबरतो, ही गोष्ट वेगळी.

बाई म्हणाल्या, मी माझ्या मोबाइलवरून मुलीला मेसेज करते, एका मिनिटाचं काम. मी नको म्हणालो. आपल्या घरचं आपण पत्रातच उसवावं आणि पत्रातच शिवावं.

बरोबर वेळ अशी: आपले दुपारचे बारा, तुझे सकाळचे साडेआठ. ही वेळ मी त्या पोरीकडूनही तपासून घेतली आहे.

बाबा


१६ मार्च

चिंधे,

घाईत लिहितो. अजून फोन करू नकोस. आईला ताप आला होता, छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलं आहे. थोडा अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. क्लासच्या बाईंनी खूप केलं, रिक्षापासून औषधांपर्यंत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन कर. तोवर ती पूर्वीसारखी होईल.

साडेआठ वाजता. सकाळच्या.

बाबा


८ एप्रिल

चिंधे,

रविवारी तू बरोबर वेळेवर फोन केलास. घड्याळात बारा वाजायला आणि फोन वाजायला गाठ पडली. वेळ चुकली नव्हती. तुला वाटलं असेल या खेपेलाही म्हाताऱ्याने घोळ घातला. नाही. वेळ बरोबर होती.

गेल्या पत्रात मी "थोडा अशक्तपणा" लिहिलं. ते पुरं खरं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर मी पुन्हा खाकी कागद काढला. टेकडी बाराच्या जागीच आहे, तसाच चढ, तसाच उतार. पण अख्खी खाली आली आहे. पूर्वी माथ्यावर आली की ती माणसं ओळखून नावं घ्यायची, तुझं, माझं, तुझ्या आजीचं. मी तिथे एक आडवी रेघ मारून ठेवली होती, ओळखीची रेघ. आता माथा त्या रेघेच्या खालीच राहतो. बाईंना विचारलं, हे कुठलं उणे? त्या म्हणाल्या, "कंसाबाहेरचं." मग म्हणाल्या, "याच्यात काही उलटं नसतं, काका. खाली म्हणजे खाली."

आडव्याला इलाज होता. मी सरकलो, चहा सरकवला, तुला सरकवलं. उभ्याला मी काय सरकवू? डॉक्टर म्हणाले, या आजारात तापानंतर असं होतं, पुन्हा वर येणं कठीण. हे मी तुला फोनच्या आधी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर तू फोन केला नसतास, अशी भीती वाटली.

तू तिकडून जे ऐकलंस ते तुला माहीत आहे. इकडून जे दिसलं ते सांगतो. तू "आई, मी बोलतेय" म्हणालीस तेव्हा तिने मांडीवरचा कापडाचा तुकडा सरळ करायचं थांबवलं. मान वाकडी करून ऐकू लागली. तू विचारलंस, जेवलीस का, पाय दुखतो का, तेव्हा ती प्रत्येक वेळी फोनकडे बघून हसत होती, बोलत नव्हती. ते हसणं तुला दिसलं नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ही बाई अगदी आपल्या चिंधीसारखी बोलते हो."

ते तुला ऐकू गेलं.

मी सांगणार होतो, अगं चिंधीच आहे. पण तिने मला हाताने थांबवलं आणि तुला विचारलं, "तुम्हाला आई आहे का हो?"

तू म्हणालीस, "आहे."

"मग तिला फोन करत जा. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायची सवय असते."

तू ठेवलास. का ठेवलास ते विचारत नाही. त्यानंतर बराच वेळ ती फोनवरची धूळ बोटाने पुसत होती, धूळ नव्हती तरी.

बाबा


२४ एप्रिल

चिंधे,

दोन रविवार गेले.

रागावून लिहीत नाही. तुझं काय होत असेल ते मला कळतं. मलाही ती रोज रात्री घरातून जायला सांगते आणि सकाळी, म्हणजे बाराला, माझ्यासाठी कप पुढे करते. सुरुवातीला मी भांडायचो, अगं मी नवरा आहे तुझा. "असाल," असं म्हणायची. आता भांडत नाही. ज्या दिवशी जो असेन तो होतो.

पण एक झालं आहे, ते तुला कळायला हवं. काल बाराला खुर्चीत बसल्यावर तिने स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या बाईंचा फोन नाही आला?"

मी म्हणालो, "कुठल्या बाई?"

"त्या हो. चांगल्या बोलायच्या. तुम्ही काही बोललात का त्यांना?"

आज पुन्हा विचारलं. चिंधे, ती काल जेवली का हे तिला आठवत नाही. दवाखाना आठवत नाही. पण त्या बाई आठवतात. ती तुला मुलगी म्हणून ओळखेल तेव्हा फोन कर, असं आता मी म्हणू शकत नाही. ती रेघ मी कागदावरून पुसून टाकली, तिचा जाचच व्हायला लागला होता. पण त्या बाई तिला हव्या आहेत. तुला ते जमेल का, मला माहीत नाही. स्वतःच्या आईशी परकी होऊन बोलायचं, हे मागणं मोठं आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, उलट तुझं नाकारलंच आहे.

ते पत्रक मी कपाटातून काढून वाचलं. बाग खरंच चांगली दिसते. मी अजून नाहीच म्हणतो, पण वाचलं.

बाबा


६ मे

चिंधे,

काल रविवार. मी स्टूल मांडलं नव्हतं. तिनेच मांडलं. रोजचा चहा झाला आणि फोन वाजला.

तू "आई" म्हणाली नाहीस. "नमस्कार, मी ती परवाची बाई बोलतेय," म्हणालीस.

ती म्हणाली, "बरं झालं केलात. मला वाटलं, आमच्या यांनी काही बोलून तुम्हाला तोडलं. त्यांना बोलायचं कळत नाही, कात्री चालवल्यासारखं बोलतात."

तू हसलीस. किती वर्षांनी ऐकलं ते. मी दाराशी उभा होतो, तिथेच खाली बसलो.

ती तुला विचारत होती, तुम्ही कुठे असता, काम काय करता, भाजी महाग आहे का तिकडे. तू सगळं सांगत होतीस. मग ती म्हणाली, "माझी मुलगीपण तिकडेच असते. तुम्हाला कधी भेटली तर एक निरोप द्याल?"

तू म्हणालीस, "देईन."

इथपर्यंत मी ऐकलं. मग तिने काय केलं, तर फोन उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि कानाला लावला. सरळ लावला. मोठा आवाज बंद कसा झाला, तिने कुठे बोट लावलं, मला कळलं नाही. माझ्याकडे पाठ फिरवून ती खूप वेळ बोलत होती, अगदी हळू. मला तिची नुसती मान दिसत होती, हो हो करणारी. मग तुझं ऐकत होती. मग पुन्हा बोलली. शेवटी फोन मांडीवर ठेवला आणि तुकडा सरळ करायला घेतला.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय निरोप दिलास गं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी कोण आहे ते तिला त्या वेळी माहीत होतं की नव्हतं, सांगता येणार नाही.

म्हणाली, "आमचं बायकाबायकांचं आहे. तुम्हाला काय करायचंय?"

बाबा